पेड सर्व्हे: वर्षभर भरल्यावर हातात काय पडतं

गेलं वर्षभर मी फोनवर पैसे देणारे सर्व्हे भरतेय. तीन-चार पॅनेल, म्हणजे नाव नोंदवलेल्यांना सर्व्हे पाठवणाऱ्या साइट, आणि जोडीला गुगलचं सर्व्हेचं अ‍ॅप, गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स. आधी आकडा सांगून टाकते, कारण सगळे तोच विचारतात: नेटाने भरलं तर महिन्याला दीडशे ते तीनशे रुपये. दिवाळीच्या आधी थोडे जास्त, उन्हाळ्यात फार तर एखादं व्हाउचर. यूट्यूबवर ‘घरबसल्या रोज हजार’ म्हणणारी मंडळी बहुतेक रेफरलवर कमावतात. त्यांच्या लिंकवरून तुम्ही नाव नोंदवलंत की त्यांचं कमिशन सुरू.

वर्षभरात एक गोष्ट लख्ख कळली. पैसे मिळतात ते तुमच्या घराच्या वर्णनाचे, आणि ते वर्णन कंपनीला हवं तसं आहे की नाही हे ठरेपर्यंतचा तुमचा वेळ फुकट जातो.

सुरुवातीचे प्रश्न बघा. पहिला ठरलेला: घरात कोणी जाहिरात, मार्केट रिसर्च किंवा पत्रकारितेत आहे का? हो म्हटलंत की गेलात बाहेर. मग घरातला मुख्य कमावणारा माणूस किती शिकलाय, आणि पुढे वस्तूंची यादी: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी, शेतजमीन. अशा ११ गोष्टी. हे कुतूहल म्हणून विचारत नाहीत. २०११पासून बाजार संशोधनात ‘एनसीसीएस’ नावाची वर्गवारी वापरतात. शिक्षण आणि या अकरांतल्या किती वस्तू घरात आहेत यांवरून घराला ए१ ते ई३ अशा १२ पायऱ्यांपैकी एक मिळते. अलीकडे ‘आयसेक’ ही नवी वर्गवारी आली आहे. ती वस्तू मोजत नाही; कमावत्याचा व्यवसाय आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं व बाईचं शिक्षण विचारते. आमच्याकडे ना कार, ना एसी. त्यामुळे महागड्या फोनचे आणि म्युच्युअल फंडांचे सर्व्हे मला दारातूनच परत पाठवतात. साबण, बिस्किटं, तेल मात्र भरपूर. त्यात आम्ही नाशिकचे. मुंबई-पुण्याच्या मानाने आमच्या वाट्याच्या जागा कमी, म्हणून आमंत्रण संध्याकाळी उघडलं की बहुतेक वेळा ‘कोटा पूर्ण झाला’. सकाळी डबे गेले की लगेच उघडायचं, हा माझा नियम.

एक नमुना सांगते. कपड्यांच्या पावडरीचा सर्व्हे, पंधरा मिनिटांचा, पन्नासेक रुपयांचे पॉइंट. खरेदी कोण ठरवतं? मी. मशीन वरून उघडणारं की समोरून? वरून. मग चौदा ब्रँडचा तक्ता, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत पाच गोल. फोनवर हा तक्ता आडवा सरकवत भरायचा म्हणजे डोळ्यांची शिक्षाच. मध्येच एक ओळ: ‘इथे दुसरा पर्याय निवडा.’ लक्ष आहे का, ते तपासतात. वरची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि प्रश्न आला: गेल्या तीन महिन्यांत लिक्विड डिटर्जंट घेतलंत का? नाही. ‘क्षमस्व, आपण पात्र नाही.’ नुकसानभरपाई म्हणून पाच-दहा पैशांचे पॉइंट. अहो, हा प्रश्न आधी विचारायला काय जात होतं?

मग वाटतं, द्यावं ठोकून ‘हो’. नका देऊ. जन्मसाल शेवटी पुन्हा विचारतात, यादीत अस्तित्वातच नसलेला ब्रँड घुसवतात, भराभर टिचक्या मारणाऱ्याचा वेळ मोजतात. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी माझं बघून त्याच पॅनेलवर, त्याच वायफायवरून नाव नोंदवलं. ‘ताई, मी तर काहीच खोटं नाही भरलं हो,’ म्हणत राहिल्या, पण ‘एका घरात एकच सदस्य’ या नियमावर त्यांचं खातं बंद झालं. जमलेले पॉइंटही गेले.

गुगलचं सगळ्यांत सुटसुटीत. दोन-चार प्रश्न, मधूनच ‘यांपैकी कोणत्या दुकानात गेला होतात?’ त्यासाठी लोकेशन चालू ठेवावं लागतं, हे ज्याला खटकेल त्याने दूरच राहावं. अँड्रॉइडवर मिळतं ते प्ले स्टोअरचं क्रेडिट, रोख नाही, आणि वर्षभरात वापरलं नाही तर जातं. मी त्यावर लेकीसाठी ई-पुस्तकं घेते.

बाकी ठिकाणी व्हाउचर घ्या. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेने भारतातले अंतर्गत व्यवहार एप्रिल २०२१मध्ये बंद केले. परदेशी पॅनेलचे पैसे त्यावर येतात, पण पॅन जोडा, बँक खातं जोडा, आणि डॉलरचे रुपये होताना मधे कात्री लागते. छोट्या रकमेला हा खटाटोप परवडत नाही. एका पॅनेलवर मी पैसे काढायच्या किमान मर्यादेला टेकल्यावर ‘पडताळणी सुरू आहे’ असं कित्येक आठवडे दिसत होतं. शेवटी व्हाउचर आलं, पण तिथे मी पुन्हा गेले नाही. पॉइंट साठवायचे नाहीत; मर्यादा गाठली की त्याच दिवशी काढायचे.

टेलिग्रामवरून ‘हॉटेलला रेटिंग द्या, पन्नास रुपये घ्या’ असं येतं, ते सर्व्हे नव्हेत. पहिले दोन-तीनदा खरंच पैसे देतात, मग ‘प्रीपेड टास्क’साठी तुमच्याकडून मागतात आणि रक्कम वाढवत नेतात. सर्व्हेला आपण एक रुपयाही भरायचा नसतो, ओटीपी तर नाहीच नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सध्या मी गुगल आणि वेळेवर व्हाउचर देणारं एक पॅनेल एवढंच ठेवलंय. वीस मिनिटांच्या वरचा सर्व्हे उघडतच नाही.