निर्यातीची द्राक्षं: आधी तपासणी की आधी नवं वाण?

नाशिकच्या द्राक्षाला परदेशात वरचा भाव मिळवायचा, तर भर कशावर द्यायचा? फळात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या तपासणीवर की नव्या वाणांवर?

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि माल अडकला. वेलीची वाढ रोखणारं हे संजीवक तोवर तपासणीच्या यादीतच नव्हतं! नंतर ते आलं. ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत प्लॉटची नोंद होते, काढणीआधी त्याच प्लॉटचे नमुने प्रयोगशाळेत जातात, पेटीवरून थेट बाग सापडते. याचा मोठा गुण म्हणजे दोन एकरवाल्यालाही ही वाट खुली आहे.

वाणांचं गणित वेगळं. थॉमसन या जुन्या बिनबियांच्या वाणाचा घड मण्यांची विरळणी करून, डिपिंग देऊन (संजीवकाच्या द्रावणात बुडवून) फुगवावा लागतो. पक्व होताना पाऊस आला की मणी तडकतात. ‘आरा’सारख्या पेटंट वाणांत मणी मुळातच मोठे, मजुरी वाचते. पण परवाना आणि रॉयल्टी एकट्याला पेलत नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी पाठीशी असावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे: आधी तपासणी. वाण कितीही देखणं असलं, तरी अहवाल नापास झाला की कंटेनर हलत नाही.