तुर्भे स्टोअरचा रेशन मदत कट्टा: अर्ज लिहायला शिकवणारी सेवा

तुर्भे स्टोअर ही नवी मुंबईतली वस्ती. इथल्या कट्ट्यावरचे समाजकार्यकर्ते अर्ज भरून देत नाहीत, लिहायला शिकवतात, हेच मोलाचं. धान्य कमी मिळालं तर आधी ई-पॉसची, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठा लावायच्या यंत्राची, पावती जपायची. प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो. पावतीवर ५ आणि पिशवीत ४ असेल, तर तोच पुरावा. मग धान्याची नोंद मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. अर्ज अडतात ते इथेच, कारण सगळी गाऱ्हाणी एकत्र लिहिली जातात. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. शिक्क्याची पोच हवीच, नाहीतर मुदत मोजणार कशी? कट्टा दुपारी भरतो, घरकामाला जाणाऱ्या बायकांना ते जमत नाही. रविवारी सकाळी बसायलाच हवं.