ब्लू थ्रोट म्हणून गळ्यात मारलेला ट्रिगर

रीफ टँकवाल्यांना, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना, ट्रिगरफिशचा मोह सुटत नाही, आणि विक्रेत्यांना हे चांगलं माहीत आहे. ट्रिगरचे दात कवचं फोडायला बनलेले, त्यामुळे कोळंबी, खेकडे, गोगलगायी असलेल्या टँकमध्ये बहुतेक जाती चालतच नाहीत. क्लाउन किंवा अनड्युलेटेड ट्रिगरचं तर नावच काढू नये. त्यातल्या त्यात निभावतो तो ब्लू थ्रोट, झँथिक्थिस ऑरोमार्जिनेटस. तो पाण्यात तरंगणारं प्लवक (बारीक जीव) टिपून खातो आणि तळाच्या जिवांच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून त्याला भाव आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर भलताच मासा खपवला जातो.

मला मुंबईतल्या एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला: निळाशार गळा, परांना पिवळी किनार, अस्सल नर. किंमत साडेअठरा हजार. दुकानात गेलो तर मासा कोपऱ्यातल्या टँकमध्ये, वर फक्त निळा एलईडी. गळा निळसर दिसत होता खरा. पिवळी किनार कुठे आहे, असं विचारलं. "लहान आहे साहेब, मोठा झाला की येईल. हवाईचा पीस आहे, रोज रोज येत नाही." पांढरा दिवा लावा म्हटलं तर "नवीन माल आहे, बिचकेल."

हवाईचं नाव ऐकून तिथेच कान टवकारायला हवेत, हे तुम्हाला आधीच सांगतो. तिथली अ‍ॅक्वेरियमसाठीची व्यावसायिक मासेमारी न्यायालयाच्या निकालांमुळे 2021च्या सुरुवातीलाच थांबली. पण हवाई म्हटलं की भाव चढवता येतो, इतकाच त्या शब्दाचा उपयोग.

तरी मोहात पडून मी तो घेतलाच. घरी पांढऱ्या उजेडात मासा तपकिरी निघाला. डोळ्यामागे पिवळसर उभी रेघ, शेपटीला रुंद पांढरी कड, पोट आणि गळा जांभळट. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या मावसभावाला व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन. "दादा, हा कसला ब्लू थ्रोट? शेपटी बघ की. सुफ्लामेन क्रायसॉप्टेरम आहे हा, हाफमून ट्रिगर. आपल्या हिंदी महासागरात ढिगाने असतो." हा मासा दीड-दोन हजारांत मिळतो. फसवणुकीतली हुशारी मान्य करावीच लागेल: गळ्यावर जांभळट छटा असलेला मासा निवडायचा आणि निळ्या दिव्याखाली ठेवायचा, बाकीचं काम गिऱ्हाइकाचे डोळेच करतात.

पैशांपेक्षा टँकचं नुकसान जास्त जिव्हारी लागलं. आधी क्लीनर श्रिंप (कोळंबी) गेला, मग हर्मिट क्रॅब (शंखातला खेकडा). टर्बो गोगलगायी उलट्या पाडून तो आतलं मांस ओढून काढायचा. सी अर्चिनवर (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) तोंडाने पाण्याचा फवारा मारून त्याला उलथवायचा आणि आखूड काट्यांच्या खालच्या बाजूने फोडायचा. झोअँथिडचे (प्रवाळासारख्या मऊ जिवांचे) तुकडे चिकटवलेले दगड रोज नव्या जागी. आणि त्याला बाहेर काढणं म्हणजे वेगळीच शिक्षा. घाबरला की कपारीत घुसतो आणि पाठीवरचा पहिला काटा ताठ करतो. दुसरा छोटा काटा त्याला खालून अडसर घालतो, मग कितीही ओढा, मासा हलत नाही. ओढूही नका, जखम होते. जाळी घातली तर तोच काटा जाळीत अडकतो. शेवटी रात्री दिवे बंद झाल्यावर तो ज्या दगडात झोपायचा, तो दगडच उचलून बादलीत ठेवावा लागला. सगळा रीफ विस्कटला.

विक्रेत्याला फोन केला. म्हणे, गॅरंटी फक्त मेलेल्या माशाची. "तुमचा जिवंत आहे ना साहेब?" बिल त्याने दिलंच नव्हतं. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यामुळे या धंद्यात कागद न ठेवण्याची सवय मुरली आहे. ज्यांच्या टँकमध्ये असे संरक्षित प्रवाळ आहेत, ते तक्रारीला जाणार नाहीत हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पण मासा विकताना बिल न देण्याला काही कारण नाही. बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या, नुसतं "ट्रिगर 1 नग" नको. नाव लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊच नका. कागद हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, काहीतरी सांगता येतं. माझ्याकडे फक्त यूपीआयची पावती होती आणि तिच्यावरून मासा कुठला ते कळत नाही.

पांढऱ्या दिव्याखालचा, त्याच दिवशी काढलेला व्हिडिओ मागा. त्यात गालाकडे बघा: ब्लू थ्रोटच्या गालावर आडव्या खाचांच्या रेषा असतात आणि तोंड किंचित वर वळलेलं असतं. "मादी आहे, मादीला निळा गळा नसतो" हेही ऐकवतील. ते खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. गालावरच्या खाचा मादीलाही असतात.