बोन्सायच्या कुंडीतले बेडूक आणि अर्धा इंची जाळी: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेडकांनी बोन्सायची माती उकरू नये म्हणून कुंडीतल्या मातीवर बसवलेल्या जाळीला पैकीच्या पैकी गुण देणार नाही, पण पुन्हा घ्यायची वेळ आली तर वड-पिंपळ सोडून बाकी झाडांसाठी हीच घेईन. होळीच्या सुमारास लावली, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिच्यावरून गेला, आता दिवाळी तोंडावर आली आहे.

आधी मूळ अडचण. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. बोन्सायचा ट्रे जेमतेम दोन-तीन इंच खोल, त्यामुळे स्टँडवर ठेवला तर सकाळी घातलेलं पाणी दुपार गाठत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी झाडं खाली उतरवते, शेडनेटखाली ओल्या वाळूच्या वाफ्यावर. झाडं तगतात, पण बेडकांचीही सोय होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ओल शोषून घेतो. सगळं अंगण तापलेलं असताना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली कुंडीतली भुसभुशीत, गार माती त्याला आणखी कुठे मिळणार?

त्रास देणारे दोन प्रकार आहेत. खरखरीत अंगाचा भेक मागच्या पायांनी माती सारत उलटा आत सरकतो आणि खोडाला टेकून बसतो; डोळे वर दिसतात, त्यामुळे लगेच कळतं. दुसरा तो गोल, आखूड पायांचा, बिळात राहणारा बेडूक. त्याच्या मागच्या तळपायाला कडक उंचवटा असतो, त्याने तो फावड्यासारखी माती ओढतो आणि पूर्ण गडप होतो. वरून माती मिटलेली, फक्त एक सैल गोल दिसतो. मुळं गच्च भरलेल्या जुन्या वडाला यातलं कुणीच काही करू शकत नाही. फटका बसतो तो नुकती कुंडी बदललेल्या झाडाला. नवी पांढरी मुळं उघडी पडतात, खोड हलायला लागतं आणि घातलेलं पाणी पोकळीतून सरळ खाली निघून जातं. माझ्या चिंचेची पाच-सहा कोवळी पानं याच कारणाने गळली.

जाळी घेतली ती हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळणारी, अर्धा इंच चौकोनाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी. ट्रेच्या आतल्या मापाने कापायची, एका बाजूने मध्यापर्यंत चीर द्यायची, खोडाभोवती दोन बोटं मोकळी सोडायची. कापलेली टोकं साल सोलतात, म्हणून ठिबक सिंचनाची बारीक नळी (मायक्रोट्यूब) उभी चिरून त्या कडेवर चढवली. असे तुकडे आपल्याकडे कोणाच्याही शेतात पडलेले असतात. मग तळाच्या भोकांतून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेने जाळी घट्ट बांधायची. सैल राहिली तर भेक कडेने डोकं घालून ती उचलतो.

जाळी लावलेल्या कुंडीत खोदणं थांबलं, हे नक्की. पण बेडूक गेले कुठे? शेजारच्या जेड या झाडाच्या कुंडीत. जेडला जाळी लावली तर ट्रेखालची वाळू उकरायला लागले आणि ट्रे कलले. खरा फरक पडला तो भिंतीच्या सावलीत फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घालून, खालची वाळू रोज ओली ठेवायला लागल्यावर. थोड्याच दिवसांत भेक तिकडे राहायला गेले. जाळी आणि माठ, दोन्ही मिळूनच काम होतं. नुसती जाळी घेणार असाल तर पैसे वाया जातील, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाळीचे तोटेही सांगते. गवत उपटायला बोटं जात नाहीत, चिमटा लागतो. खोडाच्या बुंध्याशी पसरलेली मुळं, ज्यांच्यासाठी आपण वर्षानुवर्षं खपतो, ती झाकली जातात. पावसाळ्यात वडाची आणि पिंपळाची मुळं जाळीत विणली जातात. महिन्यातून एकदा उचलली नाही तर काढताना तुटतात. कापलेल्या टोकांना श्रावणातच गंज दिसला. आणि पावसात निघणारी भेकाची नखाएवढी पिल्लं चौकोनातून आरामात जातात, पण ती माती उकरत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

मीठ टाका, फवारा मारा, असे सल्ले मलाही मिळाले. कृपा करून करू नका. ज्या कातडीतून ते पाणी पितात तिच्यातूनच विषही आत जातं, आणि मिठाने तुमचं झाडही जाईल. हेच भेक रात्रभर किडे आणि गोगलगायी खातात. कुंडीतून काढायचाच असेल तर ओल्या हाताने अलगद उचला आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण डोळ्यांमागच्या ग्रंथींतून विषारी चीक येतो. घरात कुत्रा असेल तर त्याला तोंड लावू देऊ नका.

पुढच्या उन्हाळ्यात वड आणि पिंपळासाठी स्टीलची जाळी दोन अर्ध्या तुकड्यांत कापून लावणार आहे, म्हणजे मुळं न तोडता बाजूने सरकवून काढता येईल. चिंच, बोगनवेल आणि जेडला हीच जीआय चालू ठेवते.