स्टॉकफिश आणि टेबलबेस : मारामारी करून एंडगेमला जाऊ का, हे विचारायला कितपत उपयोगी?

लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवरचा फुकट अ‍ॅनालिसिस बोर्ड बुद्धिबळ खेळणारे बहुतेक सगळेच वापरतात, त्यात स्टॉकफिश हे इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) आणि टेबलबेस (थोड्या सोंगट्या उरल्यावरचे अचूक निकाल साठवलेला संच) दोन्ही आहेत, त्यामुळे त्याचा जनरल रिव्ह्यू लिहीत बसत नाही. एकाच कामापुरतं बोलतो. आपण एखाद्या प्याद्यानं किंवा मोहऱ्यानं पुढे आहोत, आता वजीर-वजीर मारामारी (म्हणजे अदलाबदल) करून साधा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) घ्यायचा की सगळं पटावर ठेवून खेळत राहायचं, हे त्याला विचारलं तर उत्तर कामाचं मिळतं का? माझ्या मते निकाल सांगायला त्याच्यासारखा कोणी नाही, पण सल्ला म्हणून घेताना जरा जपून.

क्लासमध्ये पहिल्यापासून शिकवतात की पुढे असाल तर मोहरे मारा, मागे असाल तर प्यादी मारा. जुन्या प्रोग्राममध्ये हा नियम चक्क कोडमध्ये लिहिलेला असायचा, क्राफ्टी नावाच्या प्रोग्राममध्ये तर त्याचे वेगळे बोनस मार्क होते. स्टॉकफिशमध्येही आधी माणसांनी हातानं लिहिलेलं बरंच होतं, विरुद्ध रंगांचे उंट उरले तर आकडा (कोण किती पुढे ते सांगणारा) कमी कर, उंट-घोड्याची मात अशी कर वगैरे. मग सप्टेंबर २०२० मध्ये १२ नंबरचं व्हर्जन आलं त्यात न्यूरल नेटवर्क घातलं आणि २०२३ मध्ये ते हातानं लिहिलेलं मूल्यमापन काढूनच टाकलं. आता गंमत बघा, आजच्या स्टॉकफिशमध्ये नेटवर्कचा आकडा पटावर किती सोंगट्या आहेत त्यावरून थोडा वरखाली करतात, जास्त सोंगट्या असतील तर आकडा मोठा, कमी असतील तर लहान. म्हणजे जिंकणारी बाजू शक्यतो सोंगट्या राखणार आणि हरणारी मारामारी शोधणार. क्लासमध्ये शिकलो त्याच्या उलट वाटतं ना? पण त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे, त्याला गुंतागुंतीची भीती नाही, घड्याळाची नाही, आणि सोंगट्या कमी झाल्या की बरोबरीचा धोका वाढतो हे तर खरंच आहे. शिवाय मार किंवा प्याद्याची चाल न होता पन्नास चाली गेल्या की बरोबरी, तो काउंटर चढत जातो तसा आकडा शून्याकडे ओढतात, म्हणजे उगाच इकडून तिकडे फिरत बसलेल्या डावाला तो भाव देत नाही.

म्हणून +६ दाखवत असताना आपण साधी सरळ मारामारी केली आणि आकडा +४ वर आला तर पोरं घाबरतात, चुकीची चाल खेळलो म्हणून. अरे पण १५.१ व्हर्जनपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, +१ चा अर्थच असा ठरवलाय की जिंकायची शक्यता ५० टक्के, एक प्यादं जास्त असा अर्थ आता राहिलेला नाही. मग +६ काय आणि +४ काय, दोन्हीकडे जिंकलेलाच आहे, फक्त दुसरा मार्ग तुमच्या-माझ्यासारख्याला झेपणारा आहे. हे तो सांगत नाही, सांगणारही नाही, त्याला माहीतच नाही समोर कोण बसलंय.

आता उलट बाजू, म्हणजे मारामारी करायचीच नव्हती तिथे काय होतं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाची लढत, गुकेश (काळा) विरुद्ध डिंग (पांढरा), १४वा डाव. दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त, इंजिन बरोबरी म्हणतंय. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणून मारामारी देऊ केली आणि आकडा एकदम काळ्याच्या बाजूला कोसळला. हा डाव बोर्डवर लावून बघाच. हत्ती गेले, पांढऱ्या राजानं एफ२ वर मारलं, आणि गुकेशनं उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट ए८ वर, कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो, त्याच कर्णावर समोर काळा उंट येऊन उभा, पाठीशी राजा. पळायला जागाच नाही, बी७ वर गेला तरी मरतो, सी६ वर गेला तरी मरतो, म्हणजे उंटांची मारामारी सक्तीची. मग फक्त राजे आणि प्यादी, पांढरा राजा ई३, काळा ई५, ऑपोझिशन (राजे समोरासमोर आणि हलायची पाळी दुसऱ्याची) गुकेशकडे, डिंगनं तिथेच डाव सोडला. हत्तीच्या मारामारीच्या आत उंटाची मारामारी लपलेली होती आणि इंजिनला ती क्षणात दिसली. निकाल सांगायला एक नंबर म्हणतो ते यासाठी. फक्त का ते सांगत नाही, चालींची एक ओळ फेकतो आणि गप्प, ए८ चा कर्ण आपला आपण बघायचा.

राजे धरून सात किंवा कमी सोंगट्या उरल्या की लीचेसवर टेबलबेस उघडतो, आणि या सेटअपमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणलेलं सिझिजी, त्याचा सात सोंगट्यांचा संच २०१८ मध्ये पूर्ण झाला, साइज जवळपास १७ टीबी, आपण घरी ठेवायचा विचारही करू नये, पण ऑनलाइन फुकट बघता येतो. इथे अंदाज वगैरे काही नाही, जिंकलेला, बरोबरी किंवा हरलेला, विषय संपला. मी वापरतो ते असं : मारामारी हातानं खेळून सातपर्यंत खाली यायचं आणि मग जिंकणाऱ्या चाली किती आहेत ते मोजायचं. दहातल्या सहा-सात जिंकत असतील तर बिनधास्त मारा. एकच राजाची चाल जिंकत असेल आणि बाकी सगळ्या बरोबरीच्या, तर तो एंडगेम कागदावर जिंकलेला आहे, तुमच्या घड्याळात दोन मिनिटं असताना नाही. प्याद्यांच्या एंडगेममध्ये हे सारखं होतं, म्हणून हत्ती मारायच्या आधी दोनदा बघा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. डीटीझी नावाचा आकडा मातेपर्यंतचं अंतर दाखवत नाही, पुढच्या माराला किंवा प्याद्याच्या चालीला किती वेळ आहे ते दाखवतो, त्यामुळे नुसता त्याच्या मागे गेलात तर चाली विचित्र येतात, मात समोर असताना प्यादं ढकललं तरी त्याच्या हिशोबानं चूक नाही. नवीन पोरांनी यावरून मात शिकू नये. दोन घोडे विरुद्ध प्यादं अशा एंडगेममध्ये ‘जिंकलेला पण पन्नास चालींमुळे बरोबरी’ असला निकालही दिसतो, तो बघून डोकं खाजवाल. आणि सातच्या वर, बंद किल्ल्यासारख्या (समोरच्याला आत शिरताच येत नाही अशा) पोझिशनमध्ये, इंजिन अजूनही +२ दाखवत बसतं आणि पुढे काहीच होत नाही. उलटंही व्हायचं, जिंकणारी चाल इंजिनला दिसायचीच नाही, विरुद्ध रंगांच्या उंटांचं जुनं उदाहरण म्हणजे लिनारेस १९९८, टोपालोव्ह-शिरोव्ह, ४७वी चाल, शिरोव्हनं उंट एच३ वर फुकट ठेवला आणि डाव जिंकला, त्या काळच्या प्रोग्रामना ती चाल सापडत नव्हती. आताचे बरेच पुढे गेलेत, पण आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो अवघड आणि सोपा विजय यातला फरक कुठेच दाखवत नाही म्हणून. कॉम्प्युटरवर ऑफलाइन वापरायचं असेल तर पाच सोंगट्यांपर्यंतच्या सिझिजी फाइल्स १ जीबीच्या आत बसतात, तेवढ्या उतरवून इंजिनला फोल्डर दाखवा. सहाच्या फाइल्स दीडशे जीबीच्या आसपास जातात, त्यासाठी मोकळी एसएसडी असेल तरच नाद करा.