आखाड्यावर कॅमेरा: सिम-सोलरचा की वायर-डीव्हीआरचा?

दुकानात दोन्ही झकासच दिसतात. खरं रूप कळतं दुसऱ्या पावसाळ्यात. आमच्या विहिरीवर सिम आणि सोलरचा कॅमेरा आहे, तर मेहुण्याच्या गोठ्यावर चार कॅमेऱ्यांचा वायरवाला संच, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआर पेटीसकट. दोन्हींची झाडपूस माझ्याच गळ्यात पडते, म्हणून किमतीत न शिरता देखभालीचंच सांगतो.

आधी बघा, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, वीज कोणत्या फीडरची (वीजवाहिनीची) आहे. शेतीच्या फीडरवर ८ तास वीज, तीही कुठं दिवसा तर कुठं रात्री. त्यावर डीव्हीआर लावला तर उरलेले १६ तास इन्व्हर्टरच्या बॅटरीनं ओढायचे. रोज अशी पिळवटलेली बॅटरी लवकर मान टाकते, आणि डिस्टिल्ड वॉटर बघायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. गावठाण फीडरची, म्हणजे गावातल्या घरांना जाणारी, सिंगल फेज मिळत असेल तर मात्र वायरवाल्याचं पारडं जड. सौर कृषी पंप घेतलेल्या बऱ्याच रानात विजेची तारच नसते. तिथं पंपाच्या पॅनेलमधून कॅमेऱ्याला फाटा काढायच्या फंदात पडू नका. त्या डीसीचा झटका जिवावर बेततो, आणि पुढं पंप बिघडला की हमीवरून हुज्जत घालत बसावं लागतं.

सोलरवाल्याचं दुखणं म्हणजे धूळ. हरभरा-तुरीची मळणी झाली की पॅनेलवर असा थर बसतो की दिवसभर ऊन असूनही बॅटरी पहाटेला संपते. पॅनेल दक्षिणेकडं, साधारण २० अंश कलतं ठेवा आणि सकाळी गार असतानाच धुवा. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्या. आपल्याकडच्या पाण्यात क्षार एवढे की वाळलं की पांढरे डाग धरतात, आणि ते धुळीपेक्षा चिवट. साळुंकीची एक शिट नेमक्या जागी पडली तरी चार्जिंग घसरतं. उन्हाळा आणखी वेगळा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज होणं त्यांना सोसत नाही, आणि ४२ अंशांच्या उन्हात बंद डबी त्याहून तापते. बॅटरीचा डबा पॅनेलच्या सावलीत आला पाहिजे. नवीन घेतानाच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी मागा, जास्त वर्षं टिकते.

कोळ्यांचा ताप दोन्हीकडं. रात्रीच्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि जाळं वाऱ्यानं हललं की मोबाईलवर रात्रभर ‘हालचाल दिसली’. वायरवाल्यात नुसती झोपमोड होते. सोलरवाल्यात प्रत्येक इशाऱ्याला बॅटरी जाते. शिवाय सिम कॅमेरागणिक वेगळं, म्हणजे रिचार्जही तितके. थेट बघत बसलात तर रोजचा दीड जीबी तास-दीड तासात संपतो.

वायरवाल्याची कटकट कमी वेळा, पण आली की मोठी. चित्र आणि वीज दोन्ही नेणारी ३+१ केबल उंदीर कुरतडतात, म्हणून ती पाइपातूनच न्या. पावसाळ्यात केबलच्या टोकाच्या बीएनसी जोडात ओल शिरली की चित्रावर रेघा येतात, कॅमेरा गेला असं वाटतं, आणि निघतो वीस-तीस रुपयांचा जोड. मेकॅनिक बोलावण्याआधी जोड बदलून बघा. गोठ्यातला चारा-भुसा डीव्हीआरच्या पंख्यात जातो, तेव्हा तो खोलीतच असावा. आतला नाण्याएवढा सेल मेला की वीज जाऊन आल्यावर तारीख मागं जाते. मेहुण्याकडं स्टार्टर आणि केबल चोरीला गेली तेव्हा चित्रण होतं, पण त्यावर तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीची. तक्रार लिहून देताना त्याला फार समजावत बसावं लागलं.

खरी धास्ती आभाळातल्या विजेची. एप्रिल-मेच्या वळवात जवळ वीज पडली की सगळं एकाच तारेत गुंफलेलं असल्यानं एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा), डीव्हीआर आणि कॅमेरे एका दमात जाऊ शकतात. चांगलं अर्थिंग आणि विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्याच, तरी आभाळ भरून आलं की प्लग आणि तारा काढलेल्या बऱ्या. सोलरवाला मेला तर एकटा मरतो.

साठवणीत मात्र वायरवाला पुढं. २ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २१ जीबी लागतात, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर चार कॅमेऱ्यांचे अकरा-बारा दिवस. सोलरवाल्यातलं मेमरी कार्ड उन्हानं आणि सततच्या लिहिण्यानं गुपचूप मरतं. ॲपमध्ये थेट चित्र दिसत राहतं, मागचं काहीच नसतं. महिन्यातून एकदा कालचं चित्रण उघडून बघा.

माझं मत विचाराल तर आखाड्यावर माणूस राहतो, जनावरं आहेत, गावठाणची वीज आहे, तिथं वायर. दूरच्या विहिरीवर, मोसंबीच्या बागेत किंवा पंपाच्या पॅनेलवर नजर ठेवायची तर सोलर, पण दोनच. चार खांबांवर शिडी लावून फडकं मारणं दुसऱ्या महिन्यात बंद पडतं. खांब उसापेक्षा उंच हवा. जूनमध्ये लख्ख दिसणारी वाट दिवाळीला नुसता पाला दाखवते.

आणि पाडव्याला सालगडी बदलला की ॲपचा पासवर्डही बदला. आमच्याकडं जुन्या गड्याच्या मोबाईलवर आमची विहीर आठ महिने दिसत होती.