मुंबईच्या लाईनला कशी इलेक्ट्रिक पिकअप हवी?

भिवंडी ते मशीद बंदर किंवा वाशी मार्केट ते बोरिवली अशी लाईन मारणाऱ्या ड्रायव्हरचा इलेक्ट्रिक गाडीबद्दल पहिला प्रश्न असतो, "भरायची कुठे?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात नेमकं त्याचंच उत्तर नसतं. तिथे रेंजचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तोही प्रमाणपत्रावरचा.

आधी बाजारात आहे त्याबद्दल. टाटा एस ईव्ही २०२२ साली आली. २१.३ युनिटची बॅटरी, ६०० किलो माल, १५४ किलोमीटरची प्रमाणित रेंज. २०२४ मध्ये तिचं एक टनाचं रूप आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महिंद्राची झिओ. औषधं, पाव, पाण्याचे जार, कुरिअरची खोकी अशा हलक्या आणि ठरलेल्या फेऱ्यांना या गाड्या उत्तम आहेत, बिनधास्त घ्याव्यात. फक्त हिशोब स्वतःचा धरावा. माल भरून, सिग्नल-ट्रॅफिक धरून या वर्गाच्या गाडीला किलोमीटरला ०.१८ ते ०.२० युनिट लागतं असं समजा. तळाची १५ टक्के बॅटरी राखून ठेवली, तर हातात ९० ते १०० किलोमीटर उरतात. कुर्ला-अंधेरी-दादरच्या दिवसाला तेवढे पुरतात.

खरी अडचण वरच्या वर्गात आहे. मुंबईचा कांदा, कापड, टाइल्स, पत्रा वाहतो तो दीड-पावणेदोन टनांचा पिकअप. इथे इलेक्ट्रिक पर्याय यायला लागलेत, पण ड्रायव्हरच्या मनासारखी गाडी अजून यायची आहे. कंपन्यांना सोपा रस्ता दिसतो तो बॅटरी मोठी करण्याचा, आणि तिथेच गणित फसतं. एकूण वजन साडेतीन टनांच्या आत ठेवायचं म्हटलं की बॅटरीचा प्रत्येक किलो मालातून वजा होतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या बॅटरीचा पॅक किलोमागे साधारण १३० वॉट-तास देतो. म्हणजे ६० युनिटचा पॅक साडेचारशे किलोच्या घरात आणि ४० युनिटचा तीनशेच्या आसपास. फरक दीडशे किलोचा, म्हणजे कांद्याच्या तीन गोण्या. प्रत्येक फेरीला तीन गोण्या कमी भरून कोणता शेठ गाडी चालवू देईल?

म्हणून मागणी अशी असावी: बॅटरी ४० युनिटचीच द्या, पण गाडी उभी असते तेव्हा ती भरता आली पाहिजे. भरलेल्या पिकअपला किलोमीटरला ०.२८ युनिट धरलं, तर दहा टक्के राखून सव्वाशे किलोमीटर मिळतात. भिवंडी-मशीद बंदर-भिवंडी एक फेरी त्यात आरामात बसते. गोदामात माथाडींचं भरणं-उतरवणं चालू असताना पाऊण तास ३० किलोवॉटचा डीसी (फास्ट) चार्जर लागला, की २० युनिट वाढतात आणि दुसऱ्या फेरीची सोय होते.

पैशाचं गणितही तेच सांगतं. डिझेल पिकअप लिटरला १३ किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० रुपये असेल, तर किलोमीटरला सात रुपये जातात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट २० रुपयांना पडलं, तर इलेक्ट्रिकला साडेपाच-पावणेसहा. एवढ्याशा बचतीत जास्तीचा हप्ता निघत नाही. तेच युनिट गाळ्याच्या मीटरवर ९-१० रुपयांना मिळालं, तर खर्च अडीच-पावणेतीनवर येतो. गाडी कोण चार्ज करतं आणि कुठे, यावर धंदा उभा आहे. टोलमाफीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कार आणि बसला माफी आहे, मालवाहू गाड्या त्यात नाहीत. रस्त्यावर दिवसभर फिरून सगळ्यात जास्त धूर ओकणाऱ्या वर्गालाच यातून वगळलं, हे मुळीच पटत नाही.

आता चार्जिंगचं तोंड. कारच्या सवयीने ते मागच्या चाकाजवळ किंवा केबिनच्या मागे बाजूला दिलं, तर पिकअपला ते निरुपयोगी ठरतं. गोदामात गाडी रिव्हर्सने फलाटाला लागते आणि दोन्ही बाजूंचे फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या फळ्या) खाली सोडले जातात. लोंबता फाळका नेमका त्या तोंडावर येतो, नाहीतर हमालाच्या पायात केबल येते. तोंड पुढे हवं, डाव्या कोपऱ्यात, बंपरच्या बरंच वर. त्यावर पावसात पाणी साचू नये म्हणून उतरती झडप आणि खाली पाणी निघायला भोक हवं. सॉकेटमध्ये दमट राहिलं की चार्जर इन्सुलेशनची चूक दाखवून बंद पडतो, आणि जुलैत हे रोजचं होऊन बसतं. हा भाग प्रेशर वॉशरने तर कधीच धुऊ नये.

सार्वजनिक चार्जरजवळच्या गाडी लावायच्या बहुतेक जागा कारच्या मापाच्या असतात. नऊ-दहा फुटी हौद्याची गाडी तिथे लावली, की शेपूट वाटेत येतं. मॉलच्या तळघरातले चार्जर तर बंद बॉडीच्या गाडीला नसल्यासारखेच, कारण उंचीच्या दांड्याखालून ती जातच नाही.

रात्रीच्या चार्जिंगसाठी ३.३ किलोवॉटचा चार्जर ४० युनिटला बारा तासांहून जास्त घेतो, म्हणजे पहाटे चारला वाशीला निघणाऱ्याच्या काही कामाचा नाही. गाडीतच ७.२ किलोवॉटचा चार्जर असावा, मग सहा तासांत काम होतं. त्यासाठी गाळ्यात डीबीपासून (विजेच्या वाटप पेटीपासून) स्वतंत्र लाईन ओढा. ३२ अँपिअरला किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, लांब पल्ला असेल तर त्याहून जाड, सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि खरीखुरी अर्थिंग. छोट्या गाडीच्या १६ अँपिअर सॉकेटलाही ४ चौरस मिलिमीटर वायर द्या. पॅकिंग मशीनच्या जुन्या सॉकेटवर गाडी लावली, की सात तास सलग करंट जातो. ढिल्या स्क्रूपाशी उष्णता साठते, प्लग आधी तपकिरी होतो आणि मग वितळतो. हात लावून चटका बसला तर तिथेच थांबावं. अर्थिंग नसेल तर बहुतेक गाड्या चार्ज घ्यायला नकार देतात. तो बिघाड गाडीचा नसतो.

पावसाबद्दल ड्रायव्हरमध्ये दोन टोकाची मतं ऐकू येतात: इलेक्ट्रिक गाडी पाण्यात घालूच नये, किंवा तिला पाण्याने काहीच होत नाही. दोन्ही चुकीची. आयपी६७ म्हणजे बॅटरीचा पॅक एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण ती चाचणी नव्या पॅकची असते. खड्ड्यात बुड घासून सील दुखावलं असेल, तर भरवसा नाही. डिझेल इंजिन पाणी ओढून जाम होतं, इलेक्ट्रिक गाडी होत नाही, म्हणून लोक दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात धाडस करतात. आत जातं ते मोटरच्या गिअरबॉक्समध्ये, हवेच्या नळीतून. नंतर ऑइल दुधासारखं पांढरं होतं आणि बेअरिंग आवाज करतं. नव्या पिकअपमध्ये ही नळी हौद्याच्या तळाइतकी वर आणून बांधावी, खर्च नगण्य आहे. पाण्यातून गाडी गेली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल तपासून घ्या.

रिजनचा, म्हणजे मोटरनेच गाडी धीमी करून बॅटरीत वीज परत भरण्याचा, जोर ड्रायव्हरच्या हातात हवा, निदान तीन पायऱ्यांत. रिकामा हौदा, ओला रस्ता आणि मागच्या चाकांवर जोरदार रिजन, अशा वेळी सायन-पनवेलच्या उड्डाणपुलाच्या उतारावर मागची चाकं सरकू शकतात. उलट बॅटरी शंभर टक्के भरलेली असते तेव्हा रिजन जवळपास नसतंच आणि पहिल्या उतारावर ब्रेक वेगळाच लागतो. हे डिलिव्हरीच्या दिवशी ड्रायव्हरला दाखवायलाच हवं. नुसती मालकाला किल्ली देऊन भागत नाही.

केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना. पिकअप त्यात येत नाही, पण वाशीच्या रांगेत मे महिन्यात बसणारा माणूस तोच आहे. छोटा कॉम्प्रेसर सरासरी एक किलोवॉट घेत असेल तर आठ तासांत आठ युनिट, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीचा पाचवा भाग. तरीही तो हवाच. सोबत हवेशीर सीट आणि चांगला पंखा दिला, की एसी सतत लागणार नाही.

काही गोष्टी लहान आहेत, पण गाडी उभी करतात. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, म्हणून ती सीटखाली चार बोल्टांआड न लपवता हाताशी द्या. बंद पडलेली गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर करंट तयार करते आणि मोटरला वीज देणारा इन्व्हर्टर जाऊ शकतो, त्यामुळे अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेडच लागतो. तो खर्च वॉरंटीत धरलेला असावा.

आणि वॉरंटीची वर्षं बघून हुरळू नका, किलोमीटर बघा. सात वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर असं लिहिलं असेल, तर दिवसाला १०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरून ती पाच वर्षांत संपते. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की पॅक बदलून देणार, आणि तो टक्का मोजणार कोण, हे बुकिंगच्या कागदावरच डीलरकडून लिहून घ्या.